दारावरची पाटी आणि बंद खिडक्या

हे प्रकरण कशाचं आहे

स्टुटगार्टच्या परिसरात मी बारा वर्षं राहते. नव्याने आलेल्या मराठी मंडळींना जर्मनची पहिली पायरी शिकवते, आणि शिकवण्यापेक्षा जास्त वेळ त्यांच्या पत्रपेटीत आलेली पत्रं वाचून देण्यात जातो. रविवारी सकाळी फोनवर एखाद्या पत्राचा वाकडातिकडा फोटो येतो आणि खाली एकच ओळ असते, "ताई, हे काही गंभीर नाही ना?"

हे प्रकरण अशाच एका फोटोपासून सुरू झालं, फक्त तो फोटो पत्राचा नव्हता, भिंतीचा होता. दोघांच्या संमतीने लिहिते आहे. गाव, कंपनी आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. तिला 'ती' आणि नवऱ्याला 'तो' म्हणेन. समोरच्या शेजारणीला ते दोघं घरात 'आजी' म्हणतात, म्हणून इथेही आजीच. हा शब्द पुढे अडचणीचा ठरला, त्याबद्दल नंतर.

भाषा येत नसली की माणूस मुका होतो असं आपण म्हणतो. माझ्या पाहण्यात वेगळं आलं. समोरचा काय म्हणाला ते कळलं नाही की ती जागा रिकामी राहत नाही, माणूस ती स्वतःच्या भीतीने भरून टाकतो आणि मग त्या भीतीप्रमाणे वागायला लागतो.

पार्श्वभूमी

ती कराडची. कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायची, दिवसाचे पाच तास उभं राहून बोलणारी बाई. तो पुण्यात गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. इकडे गाड्या आणि गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपन्या पावलापावलावर, त्यातल्या एकीत नोकरी लागली आणि तो ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या नोकरीच्या परवान्यावर, आला. चार महिन्यांनी, सप्टेंबरात, ती अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन आली.

जर्मनीत जोडीदाराकडे राहायला येणाऱ्याला २००७ पासून साधारणपणे ए-१ या पहिल्या पातळीची जर्मन परीक्षा दाखवावी लागते. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला ती माफ आहे. तिने पुण्यात मॅक्सम्युलर भवनात वर्गाची चौकशी केली होती. मग "लागतच नाही तर कशाला, तिकडे गेल्यावर बघू" असं ठरलं. सवलत मिळाली की आपण ती घेतोच. मीही घेतली असती.

घर तीन मजली इमारतीत, मजल्यावर दोन बिऱ्हाडं. समोर सत्तरी पार केलेल्या आजी एकट्या. भाडेकरार जर्मनमध्ये, त्याला जोडलेली हाउसऑर्डनुंग, म्हणजे इमारतीचे नियम, शेवटच्या तीन पानांवर. घर दाखवणाऱ्या एजंटने इंग्रजीत सांगितलं होतं की जिन्याच्या सफाईची काहीतरी पाळी असते. त्याने ते ऐकलं होतं. पण दर महिन्याला भाड्याशिवाय नेबेनकोस्टन म्हणून वेगळी रक्कम जाते, पुण्यातल्या सोसायटीच्या मेंटेनन्ससारखी. मेंटेनन्स भरला म्हणजे जिना झाडायला कोणीतरी येणारच, हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की विचारायचं सुचलंच नाही.

इथे थोडं थांबून केअरवोखेबद्दल, म्हणजे पाळीपाळीने येणाऱ्या झाडलोटीच्या आठवड्याबद्दल, सांगायला हवं. हा स्वाबियन लोकांचा, म्हणजे स्टुटगार्टच्या बाजूच्या लोकांचा, जुना रिवाज. त्याची मुळं १५व्या शतकाच्या अखेरीपर्यंत नेतात. खुद्द स्टुटगार्ट शहराने आपला सक्तीचा नियम १९८८ मध्ये काढून टाकला, पण भाडेकरारांतून आणि शेजाऱ्यांच्या नजरेतून तो गेलेला नाही. छोटी केअरवोखे म्हणजे आपल्या मजल्याचा जिना, मोठी म्हणजे तळघर, अंगण, समोरचा फुटपाथ आणि हिवाळ्यात बर्फ. ज्याचा आठवडा असेल त्याच्या दाराला एक छोटी पाटी लटकते. आठवडा संपला, जिना पुसून झाला, की पाटी पुढच्या दाराला. कोणी कोणाला काही सांगत नाही, पाटीच सांगते. 'केअरन' म्हणजे झाडणं. आपल्या 'केर'शी त्याचं नातं आहे असं मी म्हणत नाही, पण लक्षात ठेवायला बरं पडतं.

अडचण कशी वाढत गेली

सप्टेंबरच्या शेवटी एका रविवारी संध्याकाळी तिच्या दाराच्या मुठीला लाकडाची पाटी लटकलेली दिसली. हाताएवढी, कडेला नक्षी, त्यावर जुन्या वळणाच्या जर्मन अक्षरांत एकच शब्द. तिने फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करून पाहिलं, पण त्या अक्षरांपुढे अॅप हरलं. कोणी शेजाऱ्याने नव्या घराला शुभेच्छा म्हणून लावली असेल, असं तिला वाटलं. बाहेर राहिली तर कोणी नेईल म्हणून तिने ती आत आणली आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला, कालनिर्णयच्या शेजारी, अडकवून ठेवली.

पाटी आत गेली आणि पाळी थांबली. मजल्यावर दोनच बिऱ्हाडं, म्हणजे एक आठवडा आजींचा, एक हिचा. हिचा आठवडा कोरडा गेला तेव्हा आजींनी जिना पुसला. पुढचा त्यांचाच होता. त्याच्या पुढचाही त्यांनीच पुसला. ती मुलीला घेऊन खाली उतरायची तेव्हा आजी दर शनिवारी बादली घेऊन वाकलेल्या दिसायच्या. "मला वाटायचं त्यांना या कामाचे पैसे मिळत असतील," ती मला नंतर म्हणाली. ओल्या पायऱ्यांवरून ती हसून "गुटन टाग" म्हणत जायची. बूट घालून.

नोव्हेंबरात आजींनी बेल वाजवली. दोन-तीन मिनिटं बोलल्या, हाताने जिन्याकडे दाखवलं, मग हिच्या दाराकडे. त्या वेळी आत कुकरची शिट्टी होत होती आणि कढईत मिरच्यांची फोडणी धूर करत होती. आजींचं नाक जरासं आकसलं, असं तिला वाटलं. तिने काय केलं? मान हलवली आणि म्हणाली, "या, या."

जर्मनमध्ये 'या' म्हणजे हो. मराठी माणसाच्या तोंडात तो शब्द आधीच बसलेला असतो, त्यामुळे तो फार लवकर येतो आणि फार सहज निघतो. दारात उभी राहून ती "या, या" म्हणत होती आणि आजींना ऐकू येत होतं, "हो, कबूल आहे, करते." आजी गेल्या. पुढच्या शनिवारी काहीच झालं नाही. म्हणजे आता आजींच्या दृष्टीने ही नवी बाई अजाण राहिली नव्हती, शब्द देऊन न पाळणारी झाली होती.

तिने मात्र त्या दोन-तीन मिनिटांचा अर्थ लावला होता: फोडणीचा वास. जिन्याकडे हात का? वास जिन्यात जातो. दाराकडे हात का? दार बंद ठेवा. सगळं नीट जुळत होतं. गणिताच्या बाई, पुरावा चुकला तरी सिद्धता बिनचूक.

त्यात तिला अॅपवरून शिकलेला एक शब्द ओळखू आला होता, 'नेट', म्हणजे छान. आजी दोनदा तो म्हणाल्या. जेवण छान आहे, पण वास येतो, अशी ती समजूत. खरी गंमत अशी की स्वाबियन बोलीत 'निष्ट', म्हणजे नाही, याचा उच्चारही जवळजवळ 'नेट' असाच होतो. आजी नकार सांगत होत्या, हिला कौतुक ऐकू येत होतं. पुस्तकी मराठी शिकलेल्या माणसाला थेट मालवणात उतरवावं, तसं हे.

त्यानंतर तिने खिडक्या बंद ठेवायला सुरुवात केली. वास बाहेर जायला नको. फोडणी फक्त आजी फिरायला जातात त्या वेळेत. दाराच्या फटीला टॉवेल. इथल्या बऱ्याच भाड्याच्या घरांत चुलीवरचा पंखा हवा बाहेर फेकत नाही, गाळून पुन्हा खोलीतच सोडतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. थंडी पडलेली, हीटर चालू, डाळ-भात रोज शिजतोय, मुलीचे कपडे घरातच वाळतायत. पाण्याची वाफ जाणार कुठे?

डिसेंबरात तिने संबंध सुधारायचा एक प्रयत्न केला. तिळाचे लाडू केले, डब्यात घातले, फोनवर 'आजी'साठी जर्मन शब्द शोधला आणि समोरची बेल वाजवली. "गुटन टाग, ओमा." आपल्याकडे परक्या वृद्ध बाईला आजी म्हणणं म्हणजे मान देणं. इथे ओमा फक्त आपल्या नातवंडांची. परक्या तरुण बाईने तोंडावर ओमा म्हणणं म्हणजे "ए म्हातारे". दाराच्या बेलवर आडनाव लिहिलेलं असतं, 'फ्राउ' आणि ते आडनाव, एवढंच म्हणायचं असतं. आजींनी डबा घेतला, रिकामा करून दुसऱ्या दिवशी धुऊन दाराशी ठेवला. बोलल्या नाहीत. तिने अर्थ लावला: लाडवांनाही वास असणार.

जानेवारीत इमारतीचं व्यवस्थापन बघणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. पत्र त्याच्या नावावर होतं, म्हणून ते शनिवारपर्यंत फ्रिजवर राहिलं. ठळक अक्षरांत शब्द होता 'आबमानुंग'. त्याला 'मानुंग' माहीत होता, कारण सुरुवातीला प्रसारणशुल्क भरायचं राहिलं होतं तेव्हा तसं पत्र आलं होतं. इथे घरटी महिन्याला १८.३६ युरो भरावे लागतात, टीव्ही असो वा नसो, आणि ती पहिली पत्रं जाहिरातीसारखी दिसल्याने बहुतेक नवखे ती केरात टाकतात. मानुंग म्हणजे पैसे थकल्याची आठवण. त्याने बँकेत पाहिलं, भाडं गेलेलं होतं. "चुकून आलं असेल," म्हणून पत्र फाइलला लागलं.

आबमानुंग मात्र वेगळं प्रकरण. करार मोडला जातोय, सुधारा, नाहीतर पुढची पायरी, अशी लेखी ताकीद. भाडेकरूला घर सोडायला सांगण्याआधी घरमालक बहुधा ही पायरी घेतो. पत्रात तीनच मुद्दे होते. तुमच्या पाळीत जिना तीन महिने पुसला गेलेला नाही, पाटी गायब आहे, आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत सुधारणा झाली नाही तर सफाईवाले बोलावून खर्च तुमच्याकडून घेऊ. वासाबद्दल एक अक्षर नव्हतं.

मी त्यात कशी आले

फेब्रुवारीच्या मध्यावर त्याने मला फोटो पाठवला. झोपायच्या खोलीतलं कपाट पुढे ओढलेलं आणि मागे भिंतीवर ताटाएवढा काळा डाग. "ताई, इकडे बुरशी मारायचा स्प्रे कुठला चांगला?"

स्प्रेचं नाव सांगून मी मोकळी झाले असते. पण एवढ्या नव्या इमारतीत भिंतीला बुरशी का, म्हणून फोन केला. तिने उचलला.

"खिडक्या उघडतेस ना दिवसातून दोन-चार वेळा?"

"नाही ओ ताई. आजींना वास येतो."

"त्या तसं म्हणाल्या?"

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, "तसंच म्हणत असणार."

दुसऱ्या दिवशी गेले. चहाला स्वयंपाकघरात बसले आणि कालनिर्णयशेजारची पाटी दिसली. मी हसले नाही, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवते. शब्द वाचून दाखवला, अर्थ सांगितला. तिने हातातला कप ओट्यावर ठेवला आणि आधी विचारलं, "मग इतके दिवस जिना कोण पुसत होतं?" उत्तर तिला माहीत होतं.

फाइलमधलं पत्र त्यानंतर बाहेर आलं. मुदतीला बारा दिवस उरले होते.

कोणते पर्याय होते

त्याचं म्हणणं होतं, कंपनीला इंग्रजीत सविस्तर ईमेल टाकू: आम्हाला नियम इंग्रजीत दिले नाहीत, आमची चूक नाही. त्याचा राग समजण्यासारखा होता. पण जर्मनीत सरकारी कामाची आणि न्यायालयाची भाषा जर्मन आहे, आणि खाजगी घरमालकालाही करार इंग्रजीत देण्याचं बंधन नाही. सही केली, म्हणजे वाचलं असं धरलं जातं.

दुसरा पर्याय भाडेकरू संघाचा. वर्षाची वर्गणी भरून सभासद झालं की वकिलाचा सल्ला मिळतो. चांगली सोय आहे, सगळ्यांनी व्हावं असं माझं मत. पण या भांडणात आपली बाजूच लंगडी होती. वकिलाचं पत्र गेलं असतं तर आजी कायमच्या प्रतिपक्ष झाल्या असत्या.

घर बदलणं हा तिचा पर्याय होता, आणि ती तो गंभीरपणे बोलत होती. इथे भाडेकरूला तीन महिन्यांची सूचना द्यावी लागते, अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत असू शकते, आणि भिंतीवर बुरशी ठेवून घर सोडलं तर ती अनामत परत मिळण्याची वाट बघत बसायचं. शिवाय पुढच्या घरातही पाटी असणार.

चौथा सगळ्यांत सोपा: मी समोर जाऊन आजींना दहा मिनिटांत सगळं समजावून सांगते. दोघांनाही हेच हवं होतं. मलाच नको होतं. पाच महिने तिच्या वतीने कोणीतरी बोलत आलं होतं, नवरा, फोन, आणि आता मी. आजींच्या डोळ्यांसमोर ती "या, या" म्हणणारी बाईच राहिली असती, फक्त वकील लावलेली.

आणि एक अडचण होती जी पर्यायांत मोडत नाही, पण नसल्यासारखी करू नये. "जिना आपण पुसायचा?" असं तो एकदा म्हणून गेला. रात्री व्हिडिओ कॉलवर तिच्या सासूबाईंनी हेच जरा लांबवून म्हटलं, "एवढं शिकून तिकडे जिने पुसायला गेलात का?" आपल्याकडे जिना पुसणारं माणूस वेगळं असतं आणि ते कोण असतं हे आपण उच्चारत नाही. समोरच्या बिऱ्हाडातल्या आजी निवृत्त शाळामास्तरीण आहेत, त्याही पुसतात, वरच्या मजल्यावरचे दंतवैद्यही पुसतात, असं मी सांगितलं. त्याला ते पटायला दोन दिवस लागले. सासूबाईंना पटलं की नाही, माहीत नाही.

काय केलं

ठरलं असं: समोर तीच जाणार, हातात कागद घेऊन. मी अर्धा जिना खाली, दिसणार नाही अशी उभी. कागदावर चार वाक्यं, पहिल्या पातळीच्या जर्मनमध्ये, तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलेली, खाली देवनागरीत उच्चार: "एंटशुल्डिगुंग. इश श्प्रेखं वेनिश डॉइच. इश हाबं दास शिल्ड निष्ट फरश्टांडन. बिटं त्साइगन झी मिअर." माफ करा, मला जर्मन थोडंच येतं, ही पाटी मला समजली नव्हती, कृपया मला दाखवा.

शनिवारी सकाळी दहाला बेल वाजवली. या वेळी "ओमा" नाही, फ्राउ आणि आडनाव. तिने वाचलं. आवाज तिसऱ्या वाक्यावर अडकला, ते तिने पुन्हा वाचलं. मग पाटी पुढे केली.

आजींनी पाटी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. हसल्या नाहीत. काही न बोलता आत गेल्या आणि बादली, फडकं, हातझाडू घेऊन आल्या. पुढची वीस मिनिटं मी खालून फक्त आवाज ऐकत होते. वरून खाली झाडायचं, खालून वर नाही. दारापुढचं पायपुसणं उचलून खालीही झाडायचं. मग ओलं फडकं, कठड्यावरून वेगळं. एका पायरीवर आजी थांबल्या, बोट दाखवलं, "नेट." या वेळी तिला कळलं की हे छान नव्हे. तिने कोपरा पुन्हा पुसला.

त्याच दिवशी कंपनीला दोन वेगवेगळी पत्रं गेली. एकात दिलगिरी, आणि काम सुरू झाल्याचं. दुसऱ्यात बुरशीची सूचना, फोटोंसह. त्याला बुरशी लपवायची होती, आधीच ताकीद आली असताना आणखी एक दोष कशाला कबूल करायचा म्हणून. पण घरातला बिघाड लक्षात येताच कळवणं हे इथे भाडेकरूचं कायदेशीर कर्तव्य आहे. उशीर केला तर त्यामुळे वाढलेलं नुकसान अंगावर येऊ शकतं. पत्रात कारण लिहिलं नाही, फक्त काय दिसलं, कुठे आणि केव्हा, एवढंच.

आणि इथे माझी चूक झाली. पत्रं मी लिहिली, तिच्या नावाने, आणि छान लिहिली. दुय्यम वाक्यं, संकेतार्थ, सगळं जिथल्या तिथे. कंपनीतल्या बाईंना वाटलं, लिहिणारीला जर्मन उत्तम येतं. त्यांनी मंगळवारी तिला थेट फोन केला. ती दचकली, आणि दचकल्यावर जुनी सवय वर आली: "या, या." त्या दोन मिनिटांत तिने गुरुवारी सकाळी आठला बुरशी बघायला माणूस येईल याला होकार दिला होता. गुरुवारी आठला ती मुलीला घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे. माणूस आला, बेल वाजवली, परत गेला. पुढचं पत्र जरा थंड सुरात आलं.

मग नवं पत्र गेलं, तिचंच, चुकांसकट, पहिली ओळ अशी: मला जर्मन कमी येतं, कृपया फोन करू नका, लेखी कळवा. लेखी आलं की फोनवर भाषांतर करता येतं, कोणाला दाखवता येतं, दोनदा वाचता येतं.

पुढे काय झालं

ताकीद पुढे गेली नाही. सफाईवाले आले नाहीत. बुरशी बघायला आलेल्या माणसाने भिंत तपासली, कपाट बाहेरच्या भिंतीपासून दहा सेंटिमीटर दूर ठेवायला सांगितलं आणि खोलीत आर्द्रतामापक टांगला. काटा ६० टक्क्यांच्या वर गेला की खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं, हीटर बंद करून, दिवसातून तीन-चार वेळा. दिवसभर खिडकी किलकिली ठेवणं नव्हे, त्याने भिंत गार होते आणि वाफ तिथेच बसते. भिंत साफ करून रंगवायचा खर्च बोलणीनंतर अर्धा-अर्धा झाला.

वासाचं काय? एप्रिलमध्ये तिने धीर करून आजींना लेखी विचारलंच. आजींनी त्याच कागदाच्या मागे उत्तर लिहिलं, गोल शाळकरी अक्षरात: वास येतो. रविवारी दुपारी १ ते ३ मिक्सर लावू नये. म्हणजे वास खरा होता, फक्त त्यांच्या तक्रारीत नव्हता. मिक्सर मात्र तिच्या ध्यानीमनीही नव्हता.

आजींशी मैत्री वगैरे झालेली नाही. पाटी दर रविवारी दार बदलते. हिवाळ्यात आजी घसरून पडल्या तेव्हा हिने त्यांचे दोन आठवडे पुसले, आजींनी नंतर हिशोबाने स्वतः दोन आठवडे जादा पुसले. हिला ते लागलं. मला ते इथलं प्रेम वाटतं, पण तो माझा समज झाला.

वेगळं काय करता आलं असतं

त्याने करार सही करण्याआधी शेवटची तीन पानं तरी भाषांतरित करून घ्यायला हवी होती, आणि मुख्य म्हणजे तिला दाखवायला. घरात दिवसभर राहणारी ती, नियम ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये. पत्रं शनिवारपर्यंत थांबवायची पद्धतही वाईट. विशेषतः पिवळं पाकीट आलं तर त्याच दिवशी उघडायचं आणि पाकीट जपून ठेवायचं, कारण पोस्टमन त्यावर तारीख लिहितो आणि मुदत तिथून मोजली जाते. काही बाबतींत ती दोनच आठवड्यांची असते.

तिच्या हातात एक गोष्ट होती: नोव्हेंबरात दाराशी "या" न म्हणणं. "मला समजलं नाही, कृपया लिहून द्या" हे एक वाक्य पाठ असतं तर आजींनी तेव्हाच लिहून दिलं असतं, शाळामास्तरीणच त्या. आता मी नव्या विद्यार्थ्यांना नमस्काराच्या आधी हे वाक्य शिकवते. पण तिला दोष द्यायला माझं मन होत नाही. वर्गात मुलांना "न समजता हो म्हणू नका" सांगणारीच ती. अपमानाच्या भीतीपुढे स्वतःचा नियम टिकत नाही.

माझ्याबद्दल सांगायचं तर, दुसऱ्याच्या नावाने त्याच्या पातळीपेक्षा चांगलं लिहू नये. ते पत्र म्हणजे खोटं प्रमाणपत्र होतं. आणि शनिवारी सकाळी मी अर्ध्या जिन्यात उभी होते, त्याचीही गरज नव्हती. बहुधा मला ऐकायचं होतं.

एक निर्णय अजून माझ्या मनात वादाचा आहे. जानेवारीतच, पत्र येताच, ते दोघं भाडेकरू संघात गेले असते तर 'आबमानुंग' या एका शब्दाचा अर्थ पाच मिनिटांत कळला असता आणि महिना वाचला असता. भांडायला नाही, वाचायला म्हणून जाता येतं, हे त्यांना मी आधी सांगून ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

सध्या

मुलीला पाळणाघरात जागा मिळायला ऑगस्ट उजाडला. वयाचं पहिलं वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला २०१३ पासून जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण हक्क आणि जागा यांच्यामध्ये प्रतीक्षायादी असते. तोवर ती लोकशिक्षण केंद्रात आठवड्यातून दोन संध्याकाळी जायची, तो त्या दिवशी साडेपाचला घरी. ६०० तासांच्या भाषेच्या आणि १०० तासांच्या नागरिकशास्त्राच्या सरकारी अभ्यासक्रमात ती आता आहे, ए-२ झालं आहे.

दुकानात, बसमध्ये, पाळणाघराच्या फाटकाशी तिचं भागतं. फोन अजून नाही. गेल्या महिन्यात त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्यायची होती. तिने पाच वाक्यं लिहून काढली, दार लावून घेतलं, नंबर फिरवला. पहिली तीन वाक्यं बरोबर गेली. पलीकडून भरभर स्वाबियन आलं. तिने "या" म्हटलं नाही. "लांगझाम, बिटं," सावकाश, कृपया, असं म्हटलं. पलीकडच्या बाईंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तेवढ्याच वेगाने, फक्त मोठ्याने. तिने आभार मानले आणि फोन ठेवला. वेळ शेवटी त्यानेच ऑफिसमधून घेतली.